गाईचा घास

आये, तुला वाचता येत नव्हतं, तरी लिहितोय. मी शाळेतल्या कविता मोठ्यानं म्हणायचो आणि तू भाकरी थापता थापता ऐकायचीस. पहिली भाकरी गाईची. एकदा कवितेच्या नादात मी ती गोठ्याच्या दारातूनच भिरकावली. तू केवढी कडाडलीस! "आरं, ती काय कुत्रं हाय व्हय? हातानं दे."

आता रहिमतपुरात आपला गोठा राहिला नाही, पण घास मी चालू ठेवलाय. शेजाऱ्याची गाय सकाळी गल्लीतून फिरते. भाकरी कुत्री पळवतात, म्हणून ती पिशवीत बांधून फाटकाला अडकवतो. रिकामी पिशवी कधी दिसली नाही. वाऱ्यानं गेली असेल, असं वाटायचं. या पातळ प्लास्टिकच्या पिशव्या तुझ्या वेळी नव्हत्या. त्यांना बंदी आहे, बाजारात तशी पाटीच आहे. पालिकेची गाडी येऊन गेली की आठ दिवस सगळीकडे कागद दिसतो, मग भाजीवाली पुन्हा पोत्याखाली हात घालते. आणि मी घरून कापडी पिशवी न्यायला विसरलेलोच असतो. "आवं आजोबा, मेथी काय टोपीत न्हेताय?" म्हणाली. हसलो, आणि घेतली पिशवी.

चार दिवसांपूर्वी गाय फुगली. गुरांच्या डॉक्टरांनी अंगणातच तिचं पोट उघडलं, तर आतून पिशव्यांचा गोळा निघतोय, निघतोय, संपेचना. शेजारी तिची मान कवटाळून उभा. "आमी लेकरागत चारा घालतोय हिला. कुणाचं आसंल ओ हे?" गोळ्यात एका पिशवीची गाठ तशीच होती, आत भाकरीचा लगदा. गावात फाटकाला भाकरी बांधणारा मी एकटाच.

"बाजारात खाल्लं असंल काहीतरी," मी म्हणालो.

रवंथ सुरू झाला तर जगेल, असं डॉक्टर सांगून गेलेत. अजून झालेला नाही. मी दिवसातून दहादा कुंपणापाशी जाऊन तिच्या जबड्याकडे बघतो आणि परत येतो. दुसरं काय करू गं? आत्ताही शेजारी हाक मारतोय, "आजोबा, जरा येताय का? बसलीया, उठंना झालीया. हात लावा."

निघालोय. त्याला कसं सांगायचं, ते आधी कागदावर मांडावं म्हणून बसलो होतो, आये. वर नाव तुझंच घातलं.