बारा बैलजोड्यांचं कुलूप

मी, काकासाहेब भिवा उढाण, वय अडुसष्ट, धंदा शेती आणि बैलांची दलाली, राहणार आष्टी, तालुका परतूर, जिल्हा जालना, आज परतूर येथे वकील आकांक्षाताईंच्या टेबलासमोर बसून हे मृत्युपत्र सांगत आहे आणि त्या ते टाइप करत आहेत. माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदयाचं तसं सांगता येत नाही. येत्या सोमवारी संभाजीनगरला डॉक्टर ते उघडणार आहेत. मी प्यालेलो नाही, मला कोणी धमकावलेलं नाही, आणि मी घाबरलेलोही नाही. मी खुशीत आहे. परवा माझ्या ओसरीवर जे घडलं, त्यानंतर कोणताही बाप खुशीत असता. ते कलम पाचमध्ये येईल. वकीलबाई म्हणतात, कायद्याच्या कागदात अशी उत्सुकता लावायची नसते. पण फी मी देतोय.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी दाखवलंच तर ते खोटं समजावं.

कलम १. आष्टीचं राहतं घर माझ्या स्वकमाईचं आहे. ते माझी पत्नी झुंबरबाई हिच्या हयातीत तिचंच राहील. तिने त्यात राहण्यासाठी कोणाच्या तोंडाकडे बघू नये. तिच्यामागे ते मुलगा कल्याण आणि मुलगी मीना यांचं निम्मं निम्मं. बाजारच्या दिवशी मी ज्याला ज्याला घरी आणलं त्याला तिने जेवू घातलं. कुठला, कोण, असं एकदाही विचारलं नाही. हे मी तिला तोंडाने कधी म्हणालो नाही, म्हणून इथे टाइप करून घेतो. तिने कोणाकडून तरी वाचून घ्यावं.

कलम २. वाटूरच्या रस्त्याला मी घेतलेली जमीन कल्याणला. तो परतूरच्या एका पतसंस्थेत नोकरी करतो, शेतात पाय ठेवत नाही. पण मला चांगला बैल बघून जे समाधान मिळतं ते त्याला सातबारा बघून मिळतं. ज्याची त्याची आवड. शेजारचा देवानंद बांधावरून वाद काढील. त्याने कोरलेली वीतभर जमीन मी त्याला सोडली, पण मला ते कळलं नव्हतं असं त्याने समजू नये.

कलम ३. मोटारसायकल, झुली आणि घुंगरमाळा कल्याणने ठेवाव्यात किंवा विकाव्यात. माझा दलालीचा रुमाल मी कोणाला देत नाही. तो माझ्याबरोबर जाईल. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या बाजारात बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दोन हातांवर रुमाल टाकायचा आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरून आकडा सांगायचा. शेजारी उभ्या असलेल्याला काही कळत नाही. निदान परवापर्यंत मी तरी तसंच समजत होतो.

कलम ४. माझ्याकडे काही बिटकॉइन आहेत. पुढे त्यांना नाणं म्हणतो. आजचा भाव लिहीत नाही, सोमवारपर्यंत तो खोटा ठरेल. नाणं कसं आलं ते मात्र सांगतो, म्हणजे चोरीचं नाही हे कळेल.

तेव्हा बाजारात सगळे मोबाइलमधल्या एकाच कंपनीच्या पाकिटातून पैसे देत-घेत. कंपनीचं नाव वकीलबाई लिहू देत नाहीत. एका बाजारच्या दिवशी सोनूबाई नावाच्या शेतकरणीची लाल कंधारी बैलजोडी हैदराबादच्या एका हौशी माणसाने पसंत केली. भाव ठरला, त्याने पैसे द्यायला मोबाइल काढला, आणि तेवढ्यात बाजारभर गलका उठला. सरकारने त्या कंपनीचे व्यवहार थांबवले होते. रक्कम पडद्यावर दिसायची, पण हलायची नाही. लोक मोबाइल झटकून बघत होते. सोनूबाईने दावं घट्ट धरलं. "दिसणाऱ्या पैशाचं मी काय करू? हातात येऊन राह्यला का? मंग दावं सुटत न्हाई." बराबर बोलली.

हैदराबादवाला म्हणाला, माझ्याजवळ बिटकॉइन आहे, ते घ्या. सगळे हसले. वाटूर फाट्याचा मोबाइल दुकानदार राधेश्याम त्या दिवशी बाजारात चार्जर विकत होता. मी त्याला विचारलं, हेही उद्या सरकार बंद करील ना?

"काका, पाकीट कंपनीचं होतं. कंपनीला कुलूप लावलं की खेळ खलास. याला कंपनीच न्हाई. हजारो कंप्युटर मिळून एकच हिशोब ठेवून राह्यले. कुलूप लावायचं कुठं?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! अहो, हा तर आमचाच बाजार! रुमालाखाली कोणती बोटं धरली ते दोघांनाच ठाऊक, पण जोडी कोणाच्या दावणीला गेली ते साऱ्या बाजाराने पाहिलेलं. बाजार समितीच्या ऑफिसला टाळं ठोका, तरी जोडी कोणाची हे लोक सांगतीलच. मी सोनूबाईला माझ्या जवळची रोकड दिली, राधेश्यामकडून मोबाइलमध्ये सोय करून घेतली आणि ते नाणं स्वतः घेतलं. घरी कल्याण म्हणाला, "आबा, रोकडा देऊन हवा घेतली तुम्ही." हे वाक्य मी विसरलेलो नाही, याची त्याने नोंद घ्यावी.

पुढे सरकारने नाण्याची खरेदी-विक्री करणाऱ्या काही परदेशी कंपन्यांची ॲपं बंद केली. कल्याण धावत आला, "बुडालं आबा, बातम्यात सांगून राह्यले!" मी तडक राधेश्यामचं दुकान गाठलं. तो डोकं धरून बसला होता. मला शहाणपण शिकवणाऱ्या या गड्याने स्वतःचं नाणं सोयीसाठी तसल्याच एका कंपनीकडे ठेवलं होतं आणि ते अडकलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान! माझं मात्र माझ्याच किल्लीखाली होतं. मी त्यातलं चिमूटभर माझा जुना दोस्त हाशिम, बैलांचा व्यापारी, याच्या मोबाइलवर पाठवून पाहिलं. चहा संपायच्या आत पोचलं! हाशिम दुकानातच ओरडला, "काका, आ गया! बिलकुल बराबर आ गया!" आम्ही दोघं म्हातारे हात धरून नाचलो. डॉक्टरांना हे सांगितलेलं नाही.

पण मी दलाल आहे, जनावराची खोड लपवत नाही. पाकिटं बंद झाली की नाणं मरत नाही. उलट हात पोळलेले लोक त्याची चौकशी करायला लागतात. माझ्याकडेच किती जण येऊन गेले! पण त्याच हुकमाने नाण्याचे रुपये करायची वाट अरुंद होते. त्या हंगामात मला खत घ्यायचं होतं आणि नाणं घेऊन रुपये द्यायला एक माणूस पुढे येईना. ज्याला उद्या औषधाला पैसे लागणार आहेत त्याने यात पडू नये. सरकारशी माझं भांडण नाही. जो कर लागला तो भरला आहे, पावत्या कल्याणने फाइलला लावल्या आहेत. हवेच्या पावत्या, पण लावल्या.

कलम ५. आता किल्ली. ही किल्ली म्हणजे एका ठरलेल्या यादीतले बारा इंग्रजी शब्द. ते हरवले तर नाणं कायमचं गेलं. बँक, पोलीस, कोर्ट कोणी परत आणू शकत नाही. मला इंग्रजीचा अर्थ लागत नाही, पण यादीत प्रत्येक शब्दाला क्रमांक आहे, आणि आकडा मी विसरत नाही. तो एकेक क्रमांक मी एकेका जुन्या बैलजोडीचा भाव म्हणून पाठ केला आणि शब्दांचा कागद चुलीत घातला. तेव्हा फार हुशारी वाटली. ऑपरेशन ठरलं तेव्हा कळलं की बाराच्या बारा जोड्या माझ्याबरोबर त्या टेबलावर चढणार आहेत.

परवा मी कल्याणला ओसरीवर बसवलं, रुमाल टाकला आणि त्याचा हात धरला. भिंतीलाही कान असतात, म्हणून तोंडाने बोलायचं नव्हतं. बोटांची भाषा मी त्याला लहानपणी शिकवली होती. चार बोटं धरली तर चार की चाळीस की चारशे, हे दाबण्यावरून ओळखायचं असतं. त्याला सगळंच सारखं. घामाघूम झाला पोरगा.

"आबा, कागदावर लिहून द्या ना. लॉकरात ठेवतो."

"लॉकरालाही दुसऱ्याचंच दार असतं."

"मंग तुमच्या रुमालाला काय लोखंडी दार हाय?"

मी चिडलो आणि पहिल्या जोडीपासून बारावीपर्यंत सगळं पुन्हा दाबत गेलो. शेवटी त्याने हात काढून घेतला. "न्हाई जमत, आबा." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं.

समोर मीना तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. ती अंकुशनगरला दिलेली, माझ्या ऑपरेशनसाठी म्हणून आलेली. तिने सूप बाजूला सारलं, माझ्याजवळ येऊन बसली आणि माझ्या कानात एकेक आकडा सांगू लागली. पहिली जोडी. दुसरी. तिसरी. थेट बारावीपर्यंत! एकही चुकला नाही! मला वाटलं, आता हे हृदय सोमवारची वाट बघत नाही.

"तुला कुणी सांगितलं गं?"

"कुणी न्हाई. आबा, हात रुमालाखाली ऱ्हातो, पण कोपर तर बाहेरच ऱ्हातं. तुमची भाकर घेऊन बाजारात येत होते तवापासून बघून राह्यले. तुमचं कोपर समदं बोलतं."

म्हणजे जन्मभर मी बाजाराला जे झाकून ठेवलं, ते माझी पोरगी उघड्या डोळ्यांनी वाचत होती! ज्याला सरकारचा हात पोचला नाही, ते तिने शेंगा सोलता सोलता उचललं! मी इतका हसलो की झुंबरबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावली. हाशिमला मी तेव्हाच फोन केला: आजपासून बाजारात शाल पांघरून बसत जा.

हसणं थांबल्यावर मात्र अंगावर काटा आला. मीना गप्प बसली असती तर? मी सोमवारी गेलो असतो, सगळ्यांनी नाणं बुडालं म्हणून हात धुतले असते, आणि तिला वाटेल तेव्हा तिने ते उचललं असतं. कोणाला कळलंही नसतं. ती भावासमोर उठली आणि बोलली. मला तिचा फार अभिमान वाटतो.

कलम ६. नाणं कल्याण आणि मीना यांना निम्मं निम्मं. दोघंही आज माझ्यासोबत इथेच बसली आहेत.

इथे वकीलबाईंनी टाइप करणं थांबवलं. म्हणाल्या, काका, किल्ली एकट्या मीनाताईंच्या डोक्यात आहे. उद्या कोर्टाने कल्याणच्या बाजूने हुकूम दिला तरी नाणं हलणार नाही. त्या हलवतील तरच हलेल. खरंच की! ज्या गुणावर मी भाळलो होतो तोच आता माझ्या पोराच्या आड आला. नाणं घेतल्यापासून पहिल्यांदा मला त्याची भीती वाटली.

निम्मं नाणं भावाला देईन, असं वकीलबाईंनी मीनाकडून स्टँप पेपरवर लिहून घ्यायचं ठरवलं, मसुदाही छापला. मीनाची ना नव्हती. तिने पेन हातात घेतलं. मला कल्याणकडे बघायचा धीर झाला नाही. या पोराने सख्ख्या मामाला जामीनदाराशिवाय कर्ज मिळू दिलेलं नाही. आज मी त्याला बहिणीच्या शब्दावर सोडून निघालो होतो.

कल्याणने मीनाच्या हाताखालचा तो कागद ओढून घेतला आणि फाडला.

"राहू द्या, वकीलताई. बहिणीकडून लिहून घ्यायला मी काय पतसंस्था हाय का?"

मीना तोंडाला पदर लावून रडायला लागली. वकीलबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हणालो, टाइप करा, तो बोलला तसं, शब्द न् शब्द. माझ्यामागे या दोघांत कधी वाद झाला तर दुसरं कोणतंही कलम वाचू नये, एवढंच वाचावं. आणि सोमवारी डॉक्टरांनी माझं हृदय खुशाल उघडावं. आत आता काळजी सापडायची नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मी ऐकला, तो माझाच आहे. दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत मी सही केली आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी केली. साक्षीदाराला काही देऊ नये असं वकीलबाई म्हणाल्या, म्हणून दोघांना फक्त चहा पाजला आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

सही: काकासाहेब भिवा उढाण

साक्षीदार:
१. शेख हाशिम शेख अजमत, राहणार आष्टी (सही उर्दूत)
२. राधेश्याम मुंदडा, राहणार वाटूर

ठिकाण: परतूर, जिल्हा जालना
तारीख: ११ डिसेंबर २०२५