करंगळीची जागा

ठाणे, कार्तिक वद्य ३, शके १८१८

चिरंजीव राघोस थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळे खुशाल. तुझी खुशाली तुझ्या बायकोलाच विचारीन, तुझ्यावर भरवसा नाही.

भाऊबीजेला मी लुगडं नको, तुझी ती गिटार शिकव म्हटलं, तेव्हा तू हसलास. आता भोग. तू सांगितलंस तसा सरावाला जुना पाट घेतला, खिळे ठोकून सहा दोऱ्या ताणल्या, कोळशाने आडव्या रेघा मारून घरं पाडली. दुसऱ्या घरात तीन बोटं शेजारी शेजारी बसतात. पण करंगळी सगळ्यांत बारीक दोरीवर ठेवायची म्हणतोस, ती मेली नव्या सुनेसारखी थरथरते. ती बसली की बाकीची उठतात. सासूबाईंनी विचारलं, रोज पाटापुढे बसून काय पुजतेस? मी म्हटलं, नवा देव आहे, नैवेद्याला बोटांची सालं घेतो. तेव्हापासून त्या पाटाला नमस्कार करून जातात.

पण दोरी नुसती ठप् करते रे. चारही बोटं बसली की वाजतं कसं, ते तरी लिही. मला ते एकदा ऐकायचंय, बाकी काही नको.

पत्राला उशीर केलास तर तिथे येऊन कान धरीन. माया आहे ती पातळ करू नकोस.

आवडाबाई

कल्याण, मार्गशीर्ष शुद्ध ५

तीर्थरूप अक्कास राघोचा साष्टांग नमस्कार. वि. वि. तुझं पत्र मी स्टेशनात पेद्रू गार्डाला वाचून दाखवलं. मला शिकवणारा तोच. तो म्हणाला, ही बाई आधी भेटली असती तर तुला शिकवलंच नसतं. पाट मांडीवर उभा धर, अंगठा मागून लाव आणि मनगट पुढे काढ. मग करंगळी बसेल.

तीन बोटांचं वाजतं ते लग्नघरासारखं. करंगळी टेकली की त्यात धैवत शिरतो. रडू येत नाही, पण हसता हसता कुणाची तरी आठवण यावी तसं होतं. दाजी गेल्यापासून तू थट्टा करतेस ना, ती मला अशीच ऐकू येते. रागावू नकोस.

संक्रांतीला गिटार घेऊन येतो. त्या दिवशी बायका हळदीकुंकवाला हिंडतात आणि तू मागच्या दारी बसतेस, मला ठाऊक आहे. यंदा आपण दोघं तिथे वाजवत बसू. इकडे गाठीच्या तापाची साथ आहे, पण काळजी नको.

आशीर्वाद देत जा, अधूनमधून रागावतही जा.

राघो

कल्याण, पौष वद्य ८

वन्संस तुळसाचा नमस्कार. शेजारच्या गोपीनाथ मास्तरांकडून लिहवून घेते आहे.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी यांना ताप चढला. तिसऱ्या दिवशी गेले. मला साथीच्या छावणीत वेगळं ठेवलं होतं, काल सोडलं, म्हणून कळवायला उशीर.

गाडीत आपटू नये म्हणून त्यांनी गिटार गोधडीत गुंडाळून ठेवली होती. साथीच्या बंदोबस्ताची सरकारी माणसं आली, गोधड्या न उलगडताच जाळल्या. तारा एकेक करून तुटल्या. मी मोजल्या, सहा. तापात ते माझ्या मनगटावर चार बोटं दाबत होते. करंगळी सगळ्यांत जोरात.

मला काही सुचत नाही. तुमचा हात डोक्यावर असू द्या.

तुळसा

ठाणे, माघ शुद्ध २

तुळसास आवडाबाईचे आशीर्वाद.

लबाड मेला. लहानपणी लपंडावात असाच लपायचा, मी दमून हाक मारली की बाहेर यायचा. दोन दिवस हाका मारल्या गं.

संक्रांतीला तिळगूळ करून मागच्या दारी बसले होते. तुझ्याकडे कोण येणार म्हणून बायका हसल्या. मी म्हटलं, माझा बाजेवाला येणार आहे. अंधार पडेस्तोवर बसले.

सासूबाई म्हणाल्या, तो पाट आता चुलीत घाल. मी म्हटलं, एक जळलं तेवढं पुरे. त्या पाटाला नमस्कार करून गेल्या.

मनगट पुढे काढलं, करंगळी बसली. दाखवू कुणाला? या घरात ते कसं वाजतं कुणालाच ठाऊक नाही. ऐकलेली तू एकटी. गाड्यांवरची तपासणी सरली की इकडे ये, आणि माझ्याजवळच राहा. मी पाट मांडीवर घेईन, चारही बोटं ठेवीन, दोऱ्यांवरून हात फिरवीन. तू डोळे मिटून ऐक, आणि वाजलं म्हण.

खोटं म्हणालीस तरी चालेल.

तुझी वाट पाहणारी,
आवडाबाई