बद्रीनाथमामांच्या कोटाचा उजवा खिसा

धावडा, ता. भोकरदन
८ फेब्रुवारी १९९५

तीर्थस्वरूप बद्रीनाथमामांच्या सेवेशी, भाची शिवकन्या हिचा नमस्कार.

आपला गुडघा आता कसा आहे? जुन्या जालन्यातल्या आपल्या जिन्याला एकोणीस पायऱ्या आहेत. त्या मोजत चढाव्यात, घाईने नव्हे. मामींच्या लोणच्याची बरणी न फुटता पोहोचली. माझी प्रकृती उत्तम. आपण थंडीसाठी दिलेला कोट ठीक आहे, असे मागच्या दोन्ही पत्रांत लिहिले होते. ते खरे होते, पण अपुरे होते.

आता काळजीचे कारण उरलेले नाही, म्हणून सविस्तर लिहिते. मी ज्या मुनियांचा अभ्यास करते (चिमणीहून लहान, जाड चोचीची, बिया खाणारी पाखरे) त्यांच्या एका तरी घरट्याची नोंद पिल्ले उडेपर्यंत पूर्ण झाल्याशिवाय माझा एम.एस्सी.चा प्रबंध स्वीकारला जाणार नाही. डिसेंबरपर्यंत मला दहा घरटी सापडली होती. चार सापाने संपवली, तीन कावळ्यांनी, दोन कुंपण तोडताना गेली आणि एक मी शिडी टेकवताना पाडले (यासाठी तक्त्यात ‘निरीक्षकाची चूक’ असा वेगळा रकाना आहे). त्यातच उन्हात टाकलेला आपला कोट दिसेनासा झाला. दोन आठवडे शोधून, ज्यांच्याकडे मी राहते त्या आसराबाईंना विचारले, तर त्यांनी सरळ शाळूच्या रानाकडे बोट केले. कोट बुजगावण्याच्या अंगात होता, वरचे बटणसुद्धा लावलेले. या घरात बुजगावण्याला घरातल्या सर्वांत कडक माणसाचा कपडा घालतात. त्याने पाखरांना वचक बसतो म्हणे. इतकी वर्षे सासरे तातेराव यांचा सदरा असे, पण ते पावसाळ्यात वारले, आणि गेलेल्या माणसाचा कपडा रानात उभा करत नाहीत. “तुमीच म्हणल्या ना ताई, मामासमोर सगळी शाळा चिडीचूप बसायची? मंग म्हणलं, बराबर माणूस सापडला.” (आपण मुख्याध्यापक असतानाचा तो उल्लेख मी एकदाच केला होता.)

मी कोट काढायला गेले. उजव्या खिशात हाताला गवत लागले, मग कोंबडीची पिसे, मग चार अंडी. कोमट. मी हात बाहेर काढला आणि सोडलेले बटण पुन्हा लावले. कोट दुसरा शिवता येतो (हे मी मनाशी म्हटले, आपल्याला उद्देशून नव्हते).

पिल्ले नऊ दिवसांची असताना भर दुपारी वावटळ आली आणि बुजगावणे आडवे झाले. आसराबाईंचे यजमान राधाकिसनभाऊ यांनी जन्मभर पाखरांवर गोफण चालवली आहे. तेच ओरडत सुटले, “पळा, पळा, मामा पडले!” गल्लीतून सहा माणसे धावत आली; एकाकडे पाण्याचा तांब्या, शेजारच्या झुंबरबाईंच्या हातात फोडलेला कांदा. खांब पुन्हा रोवून होईपर्यंत राधाकिसनभाऊंनी कोट पोटाशी धरून ठेवला. “हलवू नका रे, मामा लई नाजूक हायेत.” तेवढ्या वेळात समोरच्या कणसांवर शंभरेक पाखरे निवांत जेवत होती. त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही.

पाच तारखेला सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी पहिले पिल्लू उडाले, पावणेनऊला चौथे. मी वेळ लिहिली आणि बांधावर बसले. लिहिण्यासारखे आणखी काही नव्हते. “रडून राह्यल्या का ताई?” आसराबाईंनी विचारले. मी नाही म्हटले. त्यांनी पदर पुढे केला, तो वापरला.

तेव्हा कोट आता रिकामा आहे. आपल्या वसंताच्या लग्नाला, एकोणीस तारखेला, आपल्याला तो लागेल हे ध्यानात आहे. धुऊन वेळेत पोहोचवते. मामींना नमस्कार.

आपली,
शिवकन्या

ता. क. : उडालेली पिल्ले रोज संध्याकाळी आईबापांसह त्याच खिशात झोपायला येतात. एकूण सहा. हे वर्तन फार महत्त्वाचे आहे. शाळू काढला तरी मामा उभेच राहतील, असे राधाकिसनभाऊंनी कबूल केले आहे. वसंताच्या लग्नात आपण शाल घ्यावी. ती गुडघ्यावरही घेता येते.

आणखी एक : काल डाव्या खिशात गवत दिसले.

शेवटचे : ‘घरट्याचे स्थान’ या रकान्यात मी जे लिहिले त्यावर माझे मार्गदर्शक विश्वास ठेवायला तयार नाहीत. कोट आपला आहे आणि तो घरट्यासाठी मुद्दाम ठेवलेला नव्हता, असा दाखला सोबत तयार करून पाठवला आहे. आपण फक्त सही करून परतीच्या टपालाने पाठवावा. कोट आपल्याला परत मिळाला, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. आपल्याला खोटे लिहावे लागणार नाही.