बदल नाही

२२ जानेवारी, बुधवार

सात जणांना बोलावलं, चार आले. त्यातले दोघं एकमेकांशी बोलत नाहीत! मग बैठक झाली ती कुणाची?

गेल्या महिन्यात नव्या वस्तीतल्या बारा घरांत विद्यापीठातल्या आमच्या क्लबने पेट्या बसवल्या. घरात कोळशाचा वायू साठला की चार मिनिटांत भोंगा. बिश्केकमध्ये दर हिवाळ्यात माणसं झोपेतच जातात, म्हणून. आणि आता बाराही घरांतून बोंब! शेगडीचं दार उघडून कोळसा टाकला की भोंगा. केल्दिबेक म्हणतो सेन्सर बरोबर आहे, झियनातचा भोंगाच उतावळा. झियनात म्हणते, "माझा भोंगा सांगितलं तेवढंच करतो. याच्याच सेन्सरला हवेत भुतं दिसतात." त्यावर हा म्हणाला, "डब्याला भोंगा चिकटवला म्हणून कुणी इंजिनिअर होत नाही." झालं. ती उठली ती थेट खिडकीपाशी, पाठ करून.

नंतर दोघंही माझ्याकडे बघून. "नाझिक-एजे, ताई, त्याला सांग." "अध्यक्षबाई, तिला सांगा." मी काय टपालपेटी आहे?

आहेच म्हणा. रोबोट क्लबवाले आम्हाला "तक्तेवाले" म्हणतात. त्यांच्याकडे चाकं, आमच्याकडे रकाने. हसू देत. सिस्टिम्स इंजिनिअरिंग म्हणजे तेच तर — वस्तू मोडते ती एकाचं काम जिथे दुसऱ्याच्या कामाला जोडतात तिथे. त्या सांध्यांचा तक्ता माझ्याकडे असतो. दर बुधवारी प्रत्येकाला विचारायचं, काही बदललंस का? आणि लिहायचं. अध्यक्ष म्हणून माझं खरं काम एवढंच. बाकी खोलीची किल्ली सांभाळणं.

२४ जानेवारी

ओरोझ-बाइकेंचा फोन. सात नंबरच्या घरातले काका, टॅक्सी चालवतात. "पोरी, तुझं डबडं बोकडासारखं ओरडतं! रात्रपाळी करून यावं, जरा डोळा लागावा, की ब्याँ! बातमा म्हणते, या घरात एक तर मी राहीन नाहीतर ते." मागून त्यांच्या बायकोचा, बातमा-एजेंचा आवाज — "खोटं! मी म्हटलं, तुम्ही राहाल नाहीतर ते. ते निदान घोरत नाही." मी म्हटलं थोडे दिवस द्या, पण भिंतीवरून काढू नका. "काढतोय कुठला, बुरुल काढू देत नाही. रोज झोपताना त्याला शुभरात्री म्हणते." बुरुल त्यांची मुलगी. सात वर्षांची.

केल्दिबेकला सांगितलं, खोटी ओरड थांबव. झियनातलाही सांगितलं. वेगवेगळं, अर्थात! एका खोलीत दोघं बसतील तर शपथ. नवा प्रोग्रॅम क्लबच्या खोलीतूनच फोनच्या जाळ्यावरून बाराही घरांत जातो, कुणाच्या दारात जायला नको, हे एक बरं.

आठ तारखेला अल्माटीची स्पर्धा. तोवर पेट्या शांत हव्यात.

२९ जानेवारी, बुधवार

आज बैठक घेतली नाही. क्लबच्या सरांना, तुरार-आगायना, संध्याकाळच्या आत स्लाइड्स हव्या होत्या. "विभागप्रमुखांनी स्वतः विचारलंय, नाझिक. दोन वर्षं मी तुमच्या क्लबसाठी भांडतोय." आणि खरं सांगू — त्या दोघांची फुगलेली तोंडं बघायचा वीट आला होता.

तक्ता स्पर्धेत दाखवायचाय. आजचीच ओळ रिकामी कशी ठेवायची? सेन्सर — बदल नाही. भोंगा — बदल नाही. लिहून टाकलं. काही केलं असतं तर दोघांनीही आधी फुशारकी मारली असती.

१ फेब्रुवारी

चार दिवसांत एकाही घरातून तक्रार नाही!! बारापैकी बारा शांत. म्हणजे कुणीतरी काहीतरी केलंय. बुधवारी विचारीन. ओरोझ-बाइके म्हणाले, "डबडं शहाणं झालं. तू ओरडलीस वाटतं त्याला."

बाहेर उणे एकवीस. धुरामुळे समोरची इमारत दिसत नाही. अख्खं शहर कोळसा जाळतंय.

४ फेब्रुवारी

बातमा-एजे गेल्या.

४ फेब्रुवारी, संध्याकाळ

झियनात वस्तीतून आली. सांगितलं ते असं. बातमा-एजे पहाटे उठल्या, शेगडी भरली आणि पुन्हा बुरुलजवळ आडव्या झाल्या. ओरोझ-बाइके टॅक्सीवर. सातला दहा-बारा मिनिटं असताना शेजारणीला भोंगा ऐकू आला. थांबेना, म्हणून तिने दार तोडलं. बुरुलला ओढून बर्फात आणलं. ती श्वास घेत होती. इस्पितळात आहे. आईला आणलं तेव्हा उशीर झाला होता.

धुराडं काजळीने तुंबलं होतं म्हणतात.

केल्दिबेक म्हणाला, "पण वाजलं ना? आपलं वाजलं."

५ फेब्रुवारी, बुधवार

सातही जण आले. न बोलावता.

सात नंबरच्या पेटीची नोंद उघडली. ५:५८ — वायू मर्यादेबाहेर. ६:४८ — भोंगा.

चार मिनिटांऐवजी पन्नास.

मी विचारलं, काही बदललंय का कुणी? केल्दिबेक म्हणाला, "मी वीस मिनिटांची सरासरी घेऊन मगच भोंग्याला कळवतो आता. सत्तावीसला पाठवलं. तूच म्हणालीस ओरड थांबव." झियनात त्याच्याकडे बघायला लागली. किती दिवसांनी! "मी भोंगा तीस मिनिटं उशिरा लावला," ती म्हणाली. "अठ्ठावीसला. मला वाटलं, सेन्सर आहे तसाच आहे."

"मला काय माहीत तू—"

"बुधवारी सांगणारच होते मी!"

बुधवार झालाच नाही. तक्ता टेबलावर पडला होता. केल्दिबेकने पान उलटलं. एकोणतीस जानेवारी. झियनात म्हणाली, "एजे, हे अक्षर तुझं आहे."

हो. माझंच.

एकटी वीस मिनिटं असती तर त्या वाचल्या असत्या का? तीस? माहीत नाही. ते तपासायचं कामही माझंच होतं. विचारलं असतं तर तिथल्या तिथे दोघांनाही थांबवलं असतं. एक प्रश्न! विचारायला अर्धं मिनिट लागतं.

उरलेल्या अकरा घरांत जुना प्रोग्रॅम पाठवला. चार मिनिटं. मग प्रत्येक घरी फोन करून भोंगा वाजवून बघायला लावला. फोनवर अकरा वेळा तो आवाज ऐकला.

६ फेब्रुवारी

माती झाली. अंगणात युर्टचा गोल तंबू उभारलेला, आत बायकांचा आक्रोश, बाहेर ओरोझ-बाइके काठीवर भार टाकून मोठमोठ्याने रडत होते. लोक येत होते, म्हणत होते, तिची माती रेशमासारखी मऊ होवो. मीही म्हणाले.

सांगायला गेले होते मी. सगळं. शपथ.

त्यांनी मला बघितलं आणि काठी टाकून दिली. माझे दोन्ही हात धरले. सगळ्यांना ओरडून सांगितलं, "हीच ती! हिच्या डबड्याने माझी पोर वाचवली! आईला नाही उठवता आलं, पण पोर वाचवली!" म्हाताऱ्यांनी मला आशीर्वाद दिले. एकीने तळलेले बोरसोक भरलेला रुमाल हातात कोंबला.

मी तो घरी आणला. आईने विचारलं कुणी दिला. शेजारच्यांनी, म्हटलं.

७ फेब्रुवारी

तुरार-आगायना तक्ता दाखवला, सगळं सांगितलं. त्यांनी बराच वेळ वाचला. मग बंद केला. "यंत्र वाजलं?" वाजलं. "मूल वाचलं?" वाचलं. "धुराडं तुम्ही तुंबवलं?" नाही. "मग कशाला अंगावर ओढून घेतेस? अगं, मेलेलं माणूस खरं सांगून उठत नाही. क्लब मात्र मरेल. केल्दिबेकची शिष्यवृत्ती जाईल. झियनात दुसऱ्या वर्षाला आहे." मी दाराशी गेले तर म्हणाले, "एक स्लाइड वाढव. ‘एक जीव वाचवला.’"

तेही खोटं नाही! हेच तर भयंकर आहे.

८ फेब्रुवारी, अल्माटी

दुसरा क्रमांक. केल्दिबेक आलाच नाही. त्या स्लाइडला लोक उभे राहिले. परीक्षकांनी तक्त्याचं वेगळं कौतुक केलं — एकही बुधवार चुकलेला नाही म्हणाले.

गाडीत ओकले. झियनातने पाणी दिलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बैठकीला मी एकटी. तक्त्यात काय लिहू?

१४ फेब्रुवारी

केल्दिबेक भेटला, कँटीनच्या रांगेत. दाढी वाढलेली. "सांगणार आहेस?" मी म्हटलं, तुझी शिष्यवृत्ती... "माझं नाव घेऊन लपू नकोस," म्हणाला. सूप तिथेच ठेवून गेला.

जिभेला हाड नाही त्याच्या. पण खरं बोलला.

कुणाला सांगून काय मिळणार? ओरोझ-बाइकेंना त्या घरात राहायचंय. निदान पेटी चांगली होती एवढा तरी आधार आहे त्यांना. तो काढून घेऊ? — असं मी रोज स्वतःला समजावते. आणि रोज पटतंच. इतकं सहज पटणारं काही खरं असतं का?

१७ फेब्रुवारी

इस्पितळात गेले. सफरचंदं नेली. बुरुल अजून एक शब्द बोललेली नाही. डॉक्टर म्हणतात डोकं ठीक आहे, बोलेल. ओरोझ-बाइके तिची वेणी घालत होते — वाकडीतिकडी. "मला येत नाही गं हे," म्हणाले. मी सोडून परत घातली. ती माझ्याकडे न बघता बसून होती. "बघ, नाझिक-एजे आलीय. तुझ्या डबड्याची एजे." तिने डोळे मिटून घेतले.

१९ फेब्रुवारी, बुधवार

बुरुल बोलली. ओरोझ-बाइके चहाचं गरम पाणी आणायला खाली गेले होते, आम्ही दोघीच होतो.

"आई म्हणायची, तुझी झोप हलकी आहे, डबडं ओरडलं की तू मला उठव. ते ओरडलं. आणि मी उठले नाही."

मी पलंगाशी खाली बसले. म्हटलं, ते वेळेवर ओरडलंच नाही, बुरुल. तुम्ही दोघी उठू शकत होता तेव्हा ते गप्प होतं. ते माझ्यामुळे गप्प होतं. तुझं काही चुकलं नाही. तिने विचारलं, "खरं?" खरं, म्हटलं. तिला पुन्हा ऐकायचं होतं. मी पुन्हा सांगितलं, या वेळी सगळं.

उठले तर दारात ओरोझ-बाइके, हातात थर्मास.