काळी पाच

बाबा, तुमची पेटी मी अजून विकलेली नाही. कोणी घेत नाही हे खरं कारण. वडिलांची आठवण म्हणून ठेवली आहे, असं सांगितलं की चारचौघांत बरं दिसतं. भाता फाटलाय, निम्मे सूर मुके झालेत, पण काळी पाच अजून बोलते. बोलणारच. तुमचं बोट सगळ्यात जास्त तिच्यावरच पडलं. अकोल्याच्या आपल्या दोन खोल्यांत, चुलीपाशी बसून तुम्ही ती पट्टी दाबायचात आणि भाकरी थापणाऱ्या आईला सांगायचात, "हे पाय, हे आपलं घर." आई मान वर न करता म्हणायची, "घर तं गळून राह्यलं. तिथं बोट लावा."

तुमच्या क्लॅरिनेटचा सा त्या काळी पाचवर होता, म्हणून लग्नात वाजणाऱ्या तुमच्या सबंध बँडचा सा तिथंच. तिथून सगळे शुद्ध स्वर घेतले की आमच्या शाळेतल्या गाण्याच्या बाई त्याला बिलावल म्हणायच्या. तुम्हांला शिकवणारा पलटणीतला म्हातारा त्यालाच विलायती नावानं मेजर म्हणे. तुम्ही दोघांचंही ऐकून घेतलं आणि जगातलं सगळं संगीत त्या एका घरात आणून बसवलं. सकाळी रियाजाला बिलावलातली संथ गत, वरातीत गोऱ्या साहेबांच्या नाचाची चाल, आणि सिनेमाचं गाणं तर गावात खेळ लागला की लगेच. रडकं गाणंसुद्धा तुमच्या हाती आलं की न्हाऊन, तेल लावून बाहेर पडायचं. त्यातले कोमल स्वर तुम्ही खुशाल सरळ करून टाकायचात. शेंदूरजनाघाटला एका संत्र्याच्या व्यापाऱ्याकडे विरहाच्या गाण्यावर लोक असे नाचले की नवरदेवाचा फेटा सुटला. मी विचारलं, "बाबा, ते गाणं रडायचं होतं ना?" तुम्ही म्हणालात, "रडाले लोकायले बँड लागत न्हाई, माय. थे घरच्या घरी जमते."

अमरावतीची ती सकाळची मैफल मला अजून दिसते. आत खुर्च्या आहेत, आत वकील-डॉक्टर आहेत, आणि कनातीच्या बाहेर आपण दोघं उभे आहोत. कुणी अडवलं नव्हतं. तुम्हीच आत गेला नाहीत. बँडचा कोट अंगात आहे म्हणालात. आतला गवई सा लावतो. तुम्ही डोळे मिटता. "आपल्यापेक्षा वरून गाऊन राह्यला," तुम्ही माझ्या कानात सांगता, "गल्ली येगळी हाये. घर मात्र थेच." मग तो बिलावलात शिरतो आणि तुमची बोटं छत्रीच्या दांड्यावर चालू लागतात. क्लॅरिनेटवर चालायची तशीच. तो जिथं वळेल तिथं तुमचं बोट आधीच जाऊन उभं. त्या दिवसापासून मला वाटू लागलं की तुमची बोटं मला वाचता येतात.

परतताना गाडीत तुम्ही सांगितलं, "तुह्या लग्नात पोरगी निघते थ्या वक्ती म्या सोता वाजवीन. सिनेमाचं न्हाई. बिलावल." मी लाजून खिडकीबाहेर पाहिलं. एवढं एकच तुम्ही आयुष्यात स्वतःसाठी मागितलेलं मला आठवतं.

पुढं माझं ठरलं. स्थळ अमरावतीचं, सासरे सरकारी कचेरीत कारकून. आपल्यासारखीच त्यांनीही बुद्धाची दीक्षा घेतलेली. बोलणी सगळी सुरळीत झाली आणि उठता उठता ते म्हणाले, "मास्तर, एक गोष्ट. वाईट नका मानू. बापजाद्यानं जन्मभर लोकायपुढं वाजवलं, कोणी हुकूम केला म्हणून. आता आपण उठून उभे राह्यलो. आन् आपल्याच मांडवात व्याह्यानं वाजवत उभं राहाचं? दुसऱ्यानं आपल्यासाठी वाजवू द्या की एक डाव."

तुम्ही म्हणालात, "बरोबर हाये तुमचं."

ते गेल्यावर आईनं भांडी आपटली. "काहून बोलले न्हाई तुमी? तुमाले कोणी हुकूम केलता? तुमचा बँड, तुमचा कोट!"

"बरोबर बोलले थे," तुम्ही म्हणालात. "थेच तं पंचाइत हाये."

मला त्या माणसाचा राग येईना, हेच मला आजवर जड जातं. दुष्ट माणसावर मी पानंच्या पानं लिहीन, लिहिली आहेत. खऱ्या बोलण्यावर काय लिहू?

लग्न ऐन मे महिन्यात. वंदना झाली, जेवणं झाली, आणि मी निघायच्या वेळी अमरावतीहून आणलेला बँड दारात उभा राहिला. अकोल्याचं ऊन तुम्हांला ठाऊक, त्यांना नव्हतं. तापून क्लॅरिनेटचा सूर चढलेला, बाकीचा बँड खाली, आणि दोघांच्या मध्ये कुणी मांजर चिरडतंय असा आवाज. पाहुणे हसायला लागले. वाजवणाऱ्यानं तुम्हांला ओळखलं. घामाघूम होऊन पुढं आला आणि वाद्य तुमच्यासमोर धरलं. "मास्तर, तुमीच घ्या ना."

सासरे जमिनीकडे पाहत होते. तुम्ही क्लॅरिनेट हातात घेतलं, तान्ह्या बाळासारखं. माझ्याकडे एकदा पाहिलंत. मी काय करणार होते? नवरीला तेव्हा मान खाली घालण्यापलीकडे काही नेमून दिलेलं नव्हतं. तुम्ही ते ओठांपर्यंत नेलंतच नाही. वाद्याच्या तोंडाखालचा जोड किंचित ओढून सैल केलात, नखानं अंतर पाहिलंत आणि परत दिलंत. "चढून राह्यला तू. आता वाजव."

त्यानं वाजवलं. सूर बरोब्बर काळी पाचवर उतरला. सिनेमाचंच गाणं होतं, मुलीच्या पाठवणीचं, लोक रीतसर रडले. मोटारीत बसताना मी पाहिलं, तुमच्या हातात छत्री होती आणि दांड्यावर बोटं चालत होती.

तुम्ही गेल्यावर मी हे पुष्कळांना सांगितलं. बँड सिनेमाचं वाजवत होता आणि माझे वडील छत्रीवर बिलावल वाजवत होते, असा शेवट केला की ऐकणारे डोळे पुसतात. आई असेपर्यंत तीही डोळ्याला पदर लावायची. आज दुपारी पेटी पुसताना ती पट्टी दाबली, सूर लागला, आणि त्या दिवशी छत्रीवर पुढचा स्वर कोणता होता ते आठवायला बसले.

हे कागद कुठं धाडायचे नाहीत म्हणून खरं लिहिते. मोटार हलली होती, धूळ उडाली होती, डोळे भरले होते. तुमची बोटं चालताना दिसली, बाबा. काय वाजवत होती, ते मला वाचता आलं नाही.