पुढच्या काचेवरचं पांढरं

१ डिसेंबर १९८६, सोमवार
आज माजरीच्या रस्त्यावर सायकलवाला थोडक्यात वाचला. कोळशाचे दोन पोते लादून सायकल हातानं ढकलत चालला होता. मले दिसलाच नाई. एकदम काळं काहीतरी पुढं आलं, ब्रेक मारला, गाडी रस्त्याखाली मातीत उतरली. त्याचं एक पोतं फुटलं. मनसोक्त शिव्या दिल्या त्यानं. मी अन् दवाखान्याच्या सिस्टरनं मिळून कोळसा भरून दिला. कोणाले खरचटलंसुद्धा नाई.

दोष काचेचा हाये. तिकडं हवेत कोळशाची धूळ, वरून सकाळचं दव. वायपर फिरवला की काचेवर काळा चिखल. पाणी मारायचा रबरी गोळा दाबून दाबून अंगठा गेला, अन् पाणी येते थुंकीएवढं.

सिस्टर परतीच्या रस्त्यानं पूर्ण चूप. ही बाई चूप बसणारी नाई. म्हणजे साहेबाले सांगणार.

२ डिसें., मंगळ
सांगतलंच. डॉक्टर साहेबानं खोलीत बोलावलं. वय किती झालं म्हणून विचारलं. त्यांच्या कागदात लिहून हाये, तरी विचारलं. मग म्हणे एकदा डोळे तपासून घ्या. मी म्हणलं डोळे ठीक हायेत, गाडी जुनी हाये, काच धुतच नाई. अठरा वर्षं दवाखान्याची ही व्हॅन चालवली, कोंबडी नाई मारली.

साहेब पुण्याकडचे, आवाज चढवत नाईत. म्हणाले, "पुन्हा असं झालं तर मला गाडी दुसऱ्याकडे द्यावी लागेल."

दुसरा म्हणजे ईश्वर. सहा महिन्यांपासून बदली ड्रायव्हर म्हणून घेतला हाये. मी सुट्टीवर असलो तर चालवते, एरवी पेशंटच्या लायनी लावते. गाडी त्याच्याकडं गेली तर मी चौकीदार. फाटकावर स्टूल टाकून बसा अन् येणाऱ्या-जाणाऱ्याले सलाम ठोका. रिटायर व्हायले अजून सात वर्षं हायेत.

पुढं त्याचं नाव ई. असंच लिहीन. डायरी कोणाच्या हाती पडली तर.

३ डिसें., बुध
राजुऱ्याची खेप. सावकाश गेलो, तिथले पेशंट तपासून झाले, सावकाश आलो.

गाडी लावून आत गेलो तर ई. साहेबाच्या खोलीतून बाहेर येऊन राह्यला. मले पाहून मान खाली. का बोलत होता? अर्ध्या तासानं साहेब स्वतः व्हॅनपाशी आले अन् म्हणाले, काच धुवायची नवीन सिस्टिम बसवून घ्या, मिस्त्रीकडं घेऊन जा.

काल डोळे तपासा म्हणणारा माणूस आज सिस्टिम बसवा काऊन म्हणते? मधात ई. गेला, एवढंच झालं. काहीतरी शिजून राह्यलं.

५ डिसें., शुक्र
नागभीडची खेप बंद ठेवली, गाडी दिवसभर मिस्त्रीकडं. मी स्टूल घेऊन बाजूले बसलो, हललो नाई. जेवलो पण तिथंच.

रबरी गोळा काढला. त्या जागी विजेची मोटर, दीड लिटरची प्लास्टिकची बाटली माझ्या सीटच्या बाजूले, अन् स्टेअरिंगजवळ बटन. काचेखाली पहिले एक तोटी होती, आता दोन. नळीत एक लहानसा वाल्व टाकला, पाणी उलटं बाटलीत जाऊ नये म्हणून. मिस्त्रीनं सुईनं तोट्यांची तोंडं फिरवली, धार बराबर काचेच्या मधात पडली पाहिजे म्हणे.

मोटर नवीन हाये म्हणते. डब्बा तर नवीन होता, मोटरचं सांगता येत नाई. डब्बे कुठीही भेटतात. तो चहाले गेला तेव्हा खिळ्यानं मोटरच्या बुडाले बारीक खूण केली. बदलली तर समजन.

तीन वाजता ई. टपकला. कोणी बोलावलं होतं? वायर कुठून घेतली, फ्यूज कुठी हाये, बाटली कशी निघते, सगळं विचारून गेला. मालकच जसा.

६ डिसें., शनि
सुट्टी. बाबासाहेबांचा दिवस. शांता अन् मी जोडीनं पांढरे कपडे घालून विहारात गेलो. वंदना झाली.

ई. बायको अन् दोन पोरी घेऊन आला होता. जयभीम भाऊ म्हणाला. मग हळूच म्हणते, सोमवारी मी पण येऊ का सोबत? मी म्हणलं, गाडीत जागा नाई. जागा होती.

घरी येताना शांता म्हणे, माणूस चांगला दिसते. शांताले तर सगळे चांगले दिसतात. तिच्या चष्म्याचा नंबर बदलायचा हाये.

८ डिसें., सोम
बाप्पा, का धार हाये! बटन दाबलं की दोन फवारे, वायपर दोन वेळा फिरला की काच लख्ख. माजरीच्या वळणावर कोळशाचा ट्रक पुढं होता, सगळी धूळ अंगावर, तरी काही नाई. पाहा म्हणलं सिस्टर. ती हसली. आज तिनं बिस्कीट दिलं.

एक गोष्ट मात्र खटकली. सकाळी गेलो तर बाटली भरलेली. ई.नं भरली होती, दवाखान्याच्या नळाच्या पाण्यानं. त्याले कोणी सांगतलं? पाण्यात साबण टाकला, माती टाकली, का समजते? पुन्हा एखादा सायकलवाला आडवा आला की माझा हिशोब खतम, अन् गाडी कोणाले भेटणार ते सगळ्यांले माहीत हाये. परत आल्यावर उरलेलं सगळं पाणी ओतून दिलं. आता पाणी मीच भरीन, माझ्या घरचं.

९ डिसें., मंगळ
शांताकडून एक पत्र्याचा डब्बा घेतला. गडचिरोलीच्या पलीकडच्या गावची एक गोंडीन म्हातारी हाये, तिच्या नातवाले मी वेळेवर दवाखान्यात आणला होता. तिनं त्यात मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल भरून दिलं होतं, गुडघ्याले लावायले. ते संपलं. डब्बा मोकळाच होता, शांतानं राखेनं घासून दिला. उद्यापासून रोज सकाळी चुलीवरचं कोमट पाणी त्यात भरून नेईन. थंडीत कोमट पाण्यानं काच लवकर साफ होते, हे ई.ले कुठून माहीत असन.

१० डिसें., बुध
मी म्हणलं नव्हतं?

राजुऱ्याले निघालो. पुलापर्यंत ठीक. मग बटन दाबलं, अन् काचेवर पांढरं. दुधात फडकं बुडवून पुसल्यासारखं. आणखी पाणी मारलं तर आणखी पांढरं. खिडकीतून मुंडकं बाहेर काढून गाडी चालवली, गारठ्यानं कान सुन्न. सिस्टर पुन्हा चूप.

मजा म्हणजे दुपारी ऊन पडलं अन् सगळं आपोआप गायब. परत येतानी काच साफ. म्हणजे साहेबाले दाखवायले पुरावा पण नाई. डोकंवाल्या माणसाचं काम हाये हे.

११ डिसें., गुरु
मोटरची खूण पाह्यली, जागेवर हाये. मिस्त्री सुटला.

बाटलीच्या झाकणाले काळा दोरा बांधला. माझी गाठ वेगळी हाये, बैल बांधायची, बापानं शिकवलेली. कोणी सोडली तर तशी परत बांधता येणार नाई. ई. लांबून पाहून राह्यला होता. पाहू दे.

१२ डिसें., शुक्र
नागभीडची खेप. आज जे झालं ते लिहायले हात धजत नाई, तरी लिहितो.

सकाळी दोरा पाह्यला. गाठ जशीच्या तशी. मनात म्हणलं, आता बघू. मूलच्या अलीकडं बटन दाबलं अन् पुन्हा पांढरं. गाडी बाजूले घेतली. आज पेशंट जास्त म्हणून साहेबानंच ई.ले सोबत पाठवलं होतं. तो उतरला, काचेवर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. मग विचारलं, "भाऊ, पाणी कशात आणता?"

मी डब्बा दाखवला. त्यानं झाकण काढून आत बोट घातलं. कडेच्या सांध्यात तुपासारखं पांढरं थिजून बसलेलं. टोळीचं तेल. कोमट पाण्यात ते विरघळून जाते अन् थंड काचेवर येऊन थिजते. दुपारी ऊन लागलं की पुन्हा पातळ. इथं शेंबड्या पोरालेही माहीत हाये की हे तेल थंडीत गोठते. मले माहीत नाई का? गुडघ्याले लावायले रोज चुलीपाशी धरून बसायचो.

कोणी काही केलं नव्हतं. ज्याच्या भीतीनं घरचं पाणी आणलं, त्याचं नळाचं पाणी बराबर होतं.

ई. हसला नाई. सिस्टर हसली. ई.नं तिथल्याच हापशीवर बाटली धुतली अन् पाणी भरून दिलं. माझी गाठ त्याले सुटली नाई, दोरा कापावा लागला.

१३ डिसें., शनि
सोड्याच्या गरम पाण्यानं बाटली, नळी, तोट्या सगळं धुतलं. काच तीन वेळा पुसली. डब्ब्याचं शांताले सांगतलं तर तिनं मलेच सुनावलं, राखेनं तेल जाते का म्हणून विचारायचं होतं.

१५ डिसें., सोम
माजरी. ई.ले मीच म्हणलं, चल. काच आरशासारखी. मनात म्हणलं, आता कोण का बोलते पाहू.

भद्रावतीच्या पुढं एका वळणावर ऊन बराबर तोंडावर आलं. अन् पांढरं. पाणी मारलं, वायपर फिरवला. पांढरंच. अजून मारलं. बाटली खाली होत आली. थांबवली गाडी. आता तर डब्बा पण नव्हता. पहिला विचार मिस्त्रीचाच आला, म्हणलं वायपरच्या रबराले काही लावलं असन. उतरून बोट फिरवलं. काच कोरडी, गुळगुळीत.

ई.ले माझ्या सीटवर बसवलं. म्हणलं, बघ.

तो बसला. बराच वेळ पाहून राह्यला. मी म्हणलं, सांग ना.

"भाऊ, काच साफ हाये."

मी गाडीसमोर उभा होतो. डावा डोळा हातानं झाकला. दूरचं झाड गेलं, त्याच्या खालचा म्हातारा गेला, सगळीकडं ऊन पसरलेलं. उजवा झाकला. झाड आलं, म्हातारा आला. पुन्हा डावा झाकला. पाच-सहा वेळा केलं. आपलीच चोरी आपण पकडून राह्यलो, असं वाटलं.

ई. खाली उतरला. सिस्टर गाडीत मागं होती, तिच्या कानावर जाऊ नये म्हणून हळू बोलला. त्याले पावसाळ्यापासून माहीत होतं. "तुम्ही रस्ता पाहून नाई चालवत भाऊ, आठवून चालवता. गड्डे पाठ हायेत तुम्हाले. पण सायकलवाला पाठ कसा राहीन?"

मग म्हणे, साहेबाले मीच सांगतलं होतं की भाऊचे डोळे ठीक हायेत, काचच खराब हाये.

तीन तारखेले त्या खोलीत हे झालं होतं. मी काय काय लिहून बसलो.

माजरीपर्यंत गाडी कोणी नेली ते नाई लिहीत.

१६ डिसें., मंगळ
आज खेप नाई. लाजही वाटते अन् रागही येते. राग ई.चाच येते. खोटं काऊन बोलला माझ्यासाठी? खरं सांगतलं असतं तर त्याचं पक्कं झालं असतं. विचारलं तर म्हणते, मोतीबिंदू असन भाऊ, काढता येते, नागपूरले जाऊन या. एवढं सोपं. अन् ऑपरेशन झाल्यावर साहेब मले परत गाडी देतीन? असं जाड भिंगाच्या चष्म्यावाल्याले?

अन् ई.ले हे समजत नसन असं थोडीच हाये. पाहा, पुन्हा तेच. सवय जात नाई.

पण सोमवारी माझ्यामागं सिस्टर बसली होती. अन् गेल्या महिन्यात जंगलातल्या गावाहून आणलेली ती बाळंतीण, मागं आडवी झोपलेली. तिचं आज दिवसभर डोक्यातून जाऊन नाई राह्यलं.

१७ डिसें., बुध
राजुऱ्याची खेप. सकाळी ई.ले म्हणलं, आज तू ने, माझा गुडघा धरला. डाव्या सीटवर बसलो. अठरा वर्षांत पहिल्यांदा. सगळा रस्ता उजवा पाय आपोआप ब्रेक दाबून राह्यला. पुलावर एक बकरी आडवी आली, ती मले तो थांबल्यावर दिसली.

सिस्टरनं माझ्या गुडघ्याकडं पाह्यलं, मग माझ्याकडं.

संध्याकाळी साहेब फाटकापाशी भेटले. विचारलं, काय भाऊ, नव्या सिस्टिमनं गाडी बरोबर झाली ना?

मी म्हणलं, गाडी बराबर हाये साहेब.

ते उभेच राह्यले. डोळ्यांचं सांगायचं तोंडावर आलं होतं, तसंच राह्यलं. ई. मागं बाटलीत पाणी भरून राह्यला होता, त्यानं वर पाह्यलं नाई. मग साहेब म्हणाले, परवा नागभीडला पेशंट जास्त आहेत, सकाळी लवकर निघा. मी हो म्हणलं.