तेल घातलं होतं

४ एप्रिल

गाडीच्या इंजिनातलं तेल मोजायची पट्टी तुटली! ओढली तर वरचा तुकडा हातात, खालचा इंजिनात गंजून बसलेला. बाबा गेले आणि गॅरेजची किल्ली माझ्याकडे आली, त्याला सहा वर्षं झाली. सहा वर्षं ती पट्टी ओढायचा धीर झाला नाही. आज झाला, तर हे.

म्हणजे इंजिन उतरवावं लागणार. उतरवू. गेल्या महिन्यात शाळेतून निवृत्त झाले, आता वेळच वेळ आहे.

५ एप्रिल

धाकट्या भावाचा फोन. "ताई, कशाला त्या डबड्याच्या नादी लागतेस? तेही या वयात?" साहेब इंजिनिअर आहेत, पूल बांधतात. गाडी पुन्हा चालती करायची आहे, असं सांगितलं. थाप. गाडी चालली काय नि न चालली काय! मला फक्त आत तेल आहे की नाही, एवढंच बघायचंय.

एकदा लिहूनच ठेवते. मी पंधरा वर्षांची. रविवारी पहिल्यांदाच एकटीने तेल बदललं. जुनं काढलं, नट आवळला, नवं ओतलं. सोमवारी गाडी भर रस्त्यात बंद, इंजिन जाम. बाबा चालत घरी आले आणि दारातूनच म्हणाले, "तेल घालायला विसरलीस." मी म्हटलं, घातलं होतं, पट्टी ओढून बघा. "आता पट्टी बघून काय उजेड पडणार?" झालं. खटला संपला.

गाडी ढकलत आणली. दुरुस्त केली नाही, विकलीही नाही. कुणी पाहुणा आला की कुलूप काढून दाखवायचे – "ही आमच्या कन्येची करामत." मला इंजिनिअर व्हायचं होतं. "तू यंत्राला हात लावू नकोस, पोरांना गणित शिकव." तेहतीस वर्षं शिकवलं. इंजिनिअर झाला धाकटा. त्याला तेव्हा पाना आणि पक्कड यातला फरक कळत नव्हता.

तेलाच्या दाबाचा काटा शून्यावर पडलेला असताना बाबांनी सात मैल गाडी हाकली. त्याबद्दल मात्र कुणी ब्र काढला नाही.

९ एप्रिल

मिस्त्री आला. कोपऱ्यावरचं गॅरेज त्याचंच. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. मी जे जे काही खोललं होतं, त्याच्या प्रत्येक भोकात चिंधी कोंबून ठेवली होती. बाबांची शिकवण – भोक उघडं टाकून उठायचं नाही, धूळ जाते. त्यांचं तेवढं एक अजून पाळते. हात आपोआपच करतो.

मिस्त्री म्हणाला, "चिंध्या किती लावल्यात?"

मोजल्या नव्हत्या.

"मोजा बाई. ऑपरेशनला डॉक्टर कापूस मोजतो तशा. एक जरी आत राहिली तरी संपलं."

मला शिकवू नका, म्हटलं. तर म्हणतो, "मास्तरणीला शिकवायला कोण धजणार, तीच तर पंचाईत." आणि स्वतःच हसला. मोजल्या. अकरा निघाल्या.

१२ एप्रिल

नट हलेनात. बोटं सोलली. आईने पट्टी बांधून दिली. ब्याऐंशी वर्षांची आहे, पण गाठ अजून घट्ट मारते. "झालं गेलं गंगेला मिळालं. आता कशाला उकरून काढतेस?" तुझं मिळालं असेल, म्हटलं. बोलले आणि वाईट वाटलं. पण बोलले.

१५ एप्रिल

तेल होतं.

तेल होतं, तेल होतं! इंजिनाच्या तळाचं चेंबर मिस्त्रीने उतरवलं, तर आत चार बोटं तेल. डांबरासारखं घट्ट, काळं, पण तेल. मी तिथेच खाली फरशीवर बसले. त्रेचाळीस वर्षं!

मिस्त्रीने बोट बुडवून वास घेतला. "भरपूर होतं की हो. मग जाम कशाने झालं?" बॅटरी मारली. तेल जिथून वर ओढलं जातं त्या जाळीवर काहीतरी चिकटलेलं होतं. काळा गोळा. त्याने चिमट्याने ओढला – लांबत लांबत आला.

कापड.

"घसा आवळला म्हणायचं," मिस्त्री म्हणाला. "तेल पोटात, वर थेंब नाही. कुणीतरी ओतायच्या नळीतून आत घातलंय."

कुणीतरी. बाबा असते तर हे कापड त्यांच्या ताटात वाढलं असतं. भिंतीवरचा त्यांचा फोटो काढून कपाटावर टाकला, पालथा.

१६ एप्रिल

कापड रॉकेलमध्ये भिजवलं, मग साबण लावला. अजून काळंच आहे, पण आकार कळतो. चौकोनी. चारी बाजूंना दुमडून शिवलेलं. आईने चष्मा लावला, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "ही माझी शिवण आहे."

आमच्या घरातले सगळे रुमाल आई शिवायची. भांडणं नकोत म्हणून काठाला वेगळा दोरा – बाबांना निळा, धाकट्याला लाल, मला पिवळा. बाबांचे मोठे असायचे. हा वीतभर आहे, मुलांचा. दोरा काळाकुट्ट, रंग ओळखू येत नाही.

रंग हवाय कशाला? गणित सोपं आहे. मुलं दोन. त्यातली मी नाही.

अकरा वर्षांचा होता. दिसेल त्या भोकात काहीतरी कोंबायचा. रेडिओत खडू, नळात गोट्या. आणि मी बसले शिक्षा भोगत! चोर सोडून संन्याशाला फाशी.

१७ एप्रिल

फोन केला. सगळं बोलले. त्रेचाळीस वर्षांचं एका दमात. माझी जागा घेतलीस, माझं कॉलेज घेतलंस, आणि वर डबडं म्हणतोस.  शेवटी तो एवढंच म्हणाला, "ताई, मी येतो."

ये, म्हटलं. पुराव्यासकट दाखवते.

बोलल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

१९ एप्रिल

आला. एवढा मोठा बाप्या, गॅरेजच्या दारात शाळेतल्या मुलासारखा उभा. रुमाल पाहिला, हातात घेतला नाही.

"मला आठवत नाही गं. खरंच आठवत नाही. पण मीच असेन. आणखी कोण असणार? मी तसलाच होतो." मग आईसमोर माझे पाय धरायला वाकला. चोपन्न वर्षांचा! मी मागे सरकले. "तू बोलणी खाल्लीस आणि मी शिकलो," म्हणाला. "मला ते तेव्हाही कळत होतं. सोयीचं होतं म्हणून गप्प बसलो."

आई रडली. मी नाही. मी म्हटलं, बरं. एवढंच. आणखी काहीतरी म्हणायला हवं होतं. पण गेलेली वर्षं काय माफीने परत येतात?

जाताना म्हणाला, पुढच्या रविवारी सगळ्या नातेवाइकांना बोलावतो, बाबांनी ज्यांना ज्यांना ती गाडी दाखवली त्या सगळ्यांना. सगळ्यांसमोर सांगतो की चूक माझी होती.

मी नको म्हटलं नाही.

२२ एप्रिल

मिस्त्री विचारत होता, इंजिन पुन्हा बांधायचं का? बांधा म्हटलं. आता चालू दे गाडी. आज गॅरेजमध्ये मी गुणगुणत होते, असं तोच म्हणाला. चिंध्या मोजून काढल्या. नऊ.

रुमाल बादलीत होता तो दिसत नाही. आईने उचलला असेल. आता त्याचं काम नाही.

२५ एप्रिल

उद्या रविवार. सतरा जण येणार आहेत. धाकट्याने दोनदा फोन केला, काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलंय म्हणे.

२६ एप्रिल, सकाळ

उठले तर टेबलावर रुमाल. आईने तीन दिवस सोड्यात भिजवून, उकळून, इस्त्री करून ठेवलेला. घडी घातलेला. काठ वर.

पिवळा.

त्या रविवारी तेल ओतून झालं होतं. झाकण पुसायला आत न्यायचं होतं, आणि आई जेवायला हाक मारत होती. भोक उघडं टाकून उठायचं नाही. हाताशी रुमालच होता. परत आले तेव्हा नळी मोकळी दिसली, झाकण लावलं. खरंच आठवतंय की आत्ता रचतेय, कळत नाही.

आई दारात उभी होती. म्हणाली, "तुझा आहे. तुझ्या कपाटात ठेव." आणि आत गेली.

बाहेर धाकट्याची गाडी थांबली. तो सगळ्यांच्या आधी आलाय.